मागल्या दाराचा मांडव

“लग्न तुला करायचंय का मला? मग गप बस ना!” शकू ओरडली आणि तिने अल्बम परत आपल्याकडे ओढला.

“कर ना लग्न, मी कुठे नको बोलतोय? पण जरा डोळे उघडून बघ. हा महल, हे कमळ, हा मोर, हा रथ. चार डेकोरेशन, चार नावं, आणि खुर्च्या त्याच दोन! डाव्या खुर्चीचा हात मोडलाय, त्याला सोनेरी कागद गुंडाळलाय. चारही फोटोंत बघ.”

तिच्या धाकट्या भावाने, गुरूने, एकेका फोटोवर बोट आपटून दाखवलं. पंढरी डेकोरेटरने चहाची बशी खाली ठेवली. ठाण्यातल्या अर्ध्या लग्नांचं डेकोरेशन आपणच केलं असं तो सगळ्यांना सांगायचा.

“जुने फोटो आहेत रे ते. आता खुर्च्या नव्या आल्यात.”

“मग नव्यांचे फोटो कुठायत?”

“गुऱ्या!” बाबूस, त्यांचा बाप परशुराम, दारातून बोलला. एवढंच. तो कधी दोन शब्द लागोपाठ बोलायचा नाही, आणि बायको गेल्यापासून तर एक शब्दही मोजून बोलायचा. कंपनीच्या गेटवर बारा तास वॉचमनच्या खुर्चीत बसून आल्यावर माणूस काय बोलणार? तो अल्बमवर वाकला, नाकावर चष्मा सरकवला आणि बोलला, “महल.”

“चॉइस आहे तुमची, काका,” पंढरी खूश. “मागे थर्मोकोलचे खांब, वर घुमट, दोन्ही बाजूंना हंस. नावं लाल वेल्वेटवर. दौलत आणि शकुंतला. डोंबिवलीकर बघत राहतील.”

डोंबिवलीकरांना दाखवायचं होतं, तीच तर गोम होती. दौलत एमआयडीसीत चांगल्या नोकरीला होता, तिसऱ्या मजल्यावर राहायचा, आणि त्याच्या घरच्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलेलं, आम्हाला गावात मांडव नको, चिखलगाळ नको, हॉल बघा. हळद पण हॉलवर, लग्न पण हॉलवर. शकू मान हलवत राहिलेली. बाबूस मान हलवत राहिलेला. आणि गुरू कोपऱ्यात उभा राहून दौलतच्या वहिनीच्या चपला बघत होता. चपला बाहेर काढायच्या असतात हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

“आणि धवला?” गुरूने आता विचारलं.

पंढरीने बशीतून एक घोट फुर्रकन ओढला.

“धवला कोण गाणार? त्या महलात दगडाबाई बसणार का, हंसाच्या मांडीवर?”

“नकोय मला धवला,” शकू बोलली. त्याच्याकडे न बघता.

“नको म्हणजे?”

“नको म्हणजे नको! डोंबिवलीकर हसतील. दोन तास ती म्हातारी बसून रडल्यासारखं गाणार, आणि बाजूला बँजो वाजणार. आता कोणाच्या लग्नात असतो सांग?”

“आपल्या लग्नात असतो!”

“तुझ्या लग्नात ठेव मग!”

गुरूने अल्बम उचलला आणि आपटला. प्लास्टिकच्या खिशांतून मोर आणि कमळ निसटून पंढरीच्या चहात पडले. त्यानंतर बाबूस काय बोलला ते ऐकायला गुरू थांबला नाही. तो घराबाहेर, रस्त्याला लागलेला होता, आणि पायातल्या स्लिपरचा एक पट्टा तुटलाय हे त्याला खाडीपर्यंत गेल्यावर कळलं.

असंच व्हायचं त्याचं. नववीत सरांनी सगळ्या वर्गासमोर “मच्छीवाल्यांच्या बाकावर जाऊन बस” म्हटलं, तेव्हा गुरूने दप्तर खिडकीतून फेकलेलं आणि मागोमाग स्वतः दरवाजातून गेलेला. परत शाळेत गेला नाही. आता सतरा पुरी व्हायला आली होती. वागळे इस्टेटमध्ये एका ग्रिलवाल्याकडे वेल्डिंग शिकत होता, तिथेही आठवड्याला एक भांडण. डोकं तापलं की त्याच्या तोंडातून जे निघायचं ते खरंच असायचं, आणि म्हणूनच लोकांना जास्त लागायचं.

पण शकूशी भांडण वेगळं. शकूने त्याला वाढवलेलं. अठ्ठ्याऐंशीला आई गेली तेव्हा शकू अठराची होती, गुरू तेराचा. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून शकूने पदर खोचला. डब्यात भाकरी, सुकटीची चटणी, शर्टाचं तुटलेलं बटण. गुरू कामावरून यायचा तेव्हा ती हिशोबात धरल्यासारखी ओट्याशी असायचीच, आणि तो आत पाय टाकायच्या आधी ओरडायची, “पाय धुऊन ये!” आता पुढच्या महिन्यात कोणी ओरडणार नव्हतं. बाबूस कंपनीच्या कँटीनमध्ये जेवायचा. म्हणजे रात्रीचं ताट एकच. गुरूने हे कोणाला सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते. त्यापेक्षा खुर्चीचा मोडका हात सांगायला सोपा.

आणि धवल्याचं म्हणाल, तर त्याला एक गोष्ट आठवत होती. आठ-नऊ वर्षांचा असेल, चुलत्याचं लग्न. अंगणात झावळ्यांचा मांडव, शेणाने सारवलेली जमीन, आणि मधोमध दगडाबाई. धवलारीण. गावातली लग्नं तीच गाऊन लावायची. भटजीच्या आधी तिचा मान. पहिल्यांदा तिने देवांना लग्नाला बोलावलं, एकेकाचं नाव घेऊन. मग मेलेल्यांना. पणजा, आजा, बाळंतपणात गेलेली आत्या, खाडीत बुडालेला कोण तो. प्रत्येक नावाला ती थांबायची आणि उंबऱ्यावर उभी राहिलेली आई तांदूळ टाकून बोलायची, “ये.”

“कोणाला बोलवतेस?” गुरूने तिचा पदर ओढून विचारलेलं.

“आपल्याच मान्सांना.”

“ते येतात?”

“बोलावलं तर येतात. नाय बोलावलं तर कशाला येतील? तू जाशील न बोलावता?”

तेव्हा गुरू हसलेला. आता शकूच्या लग्नाला सगळ्या ठाण्या-डोंबिवलीला पत्रिका गेल्या होत्या. कंपनीच्या साहेबांना, पंढरीच्या मेव्हण्याला, ज्याचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं त्याला पण. एका माणसाला पत्रिका गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो बाळकुमला दगडाबाईकडे गेला. ती ओटीवर बसून कोळंबीचे सोडे साफ करत होती. सत्तरीची बाई, पण सुरी अशी चालवायची की बघणाऱ्याने बोटं मागे घ्यावीत.

“कनाचा पोर तू?”

“परशुरामचा. कोलशेतचा. मालूचा.”

मालू म्हटल्यावर सुरी थांबली. “मालूचा व्हय. बस. शकूचा लगीन काढला म्हनं. मना कनी सांगला नाय.”

“मी सांगतोय ना. हॉलवर आहे. तू ये.”

“हालमंदी मी नाय यायची.”

“का? रिक्षाने नेतो, मावशे.”

“रिक्षाचा नाय रं पोरा.” तिने हात धुतले. “मी गाईन, पन कनासाटी? हालमंदी कोन येनार? मेल्या मान्साला पत्ता समजत नाय. त्याला दार समजतं. ज्या दारानं गेला त्या दारातून हाक मारावी लागते. हिरवा मांडव पायजे, उंबराची फांदी पायजे, आन् घरचा एक मानूस ‘ये’ बोलाया पायजे. असंल तं सांग.”

“माणूस मी आहे.”

“आन् मांडव?”

“तोही मी आहे,” गुरू बोलला. मग त्याला स्वतःचंच हसू आलं. म्हातारी नाही हसली.

हळद आदल्या दिवशी दुपारी लागली. सगळा गाव दोन टेम्पोंतून हॉलवर गेला. नौपाड्यातला हॉल, पहिला मजला, खाली झेरॉक्सचं दुकान. वर गेल्या गेल्या गुरूने महल बघितला. लांबून बरा दिसत होता. जवळ गेल्यावर एका हंसाची चोच तुटलेली, घुमटाने पंख्याच्या वाऱ्यावर हलकेच ठेका धरलेला, आणि डाव्या खुर्चीच्या हाताला सोनेरी कागद. नवीन कागद होता, एवढं पंढरीचं खरं.

संध्याकाळी बायका जेवायला गेल्या तेव्हा शकू त्या खुर्चीत एकटी बसलेली. अंगभर हळद, कपाळाला मुंडावळ्या. गुरू सरबताचा ग्लास घेऊन गेला.

“तू बोललेलास ते बरोबर होतं,” ती बोलली. खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत होती. “हलतो हा.”

“बदलून घेऊ? पंढरीला खाली जाऊन धरतो.”

“नको. तू कोणाला धरू नको.” तिने ग्लास घेतला, प्यायली नाही. “गुऱ्या, धवल्याला मी नको बोलले ते डोंबिवलीकरांसाठी नव्हतं.”

“मग?”

“दगडाबाई आईचं नाव घेईल ना. भर लग्नात. मग मी उठूच शकले नसते. दौलतच्या घरी गेलेच नसते बघ.” तिने महलाकडे मान वळवली. “हे बरंय. थर्मोकोलमध्ये रडायला येत नाय.”

गुरूच्या तोंडावर आलेलं, की मग नको ना जाऊ. खरंच आलेलं. त्याने ते गिळलं.

“उद्या सकाळी जरा घरी जाऊन येतो,” तो बोलला. “रुखवताची पेटी राहिली.”

“मुहूर्त बारा पंचवीसचा आहे. आणि ऐक, दौलतचा कान तूच पिळायचा. तू नाय दिसलास तर काकीचा रतन पिळेल, आणि मला माझ्या लग्नात तो रतन नकोय. मोठा भाऊ, लहान भाऊ, जो काय आहेस तो तूच आहेस. समजलं?”

“समजलं.”

“पाय धुऊन ये,” ती बोलली, आणि दोघं हसली. तिच्यापासून लपवून हसलेलं ते हसणं त्याला नंतर आवडलं नाही.

पेटी खरंच राहिलेली. त्यानेच मुद्दाम ठेवलेली.

सकाळी सात वाजता गोविंदाचा टेम्पो घेऊन तो कोलशेतला आला. गोविंदा शेजारचाच, विटा वाहायचा. “तू पेटी काढ,” तो बोलला, “मी नाक्यावर नाश्ता करून, डिझेल भरून येतो. दहाला हॉर्न मारीन. पुढे पाचपाखाडीला ट्राफिक लागतो, तेव्हा नखरे नकोत.”

आळी रिकामी होती. एरवी सकाळी नळावर भांडणं, कोंबड्या, कोणाचा तरी रेडिओ. आज सगळ्या दारांना कड्या. रात्री हॉलवरच राहिलेला सगळा गाव आता तिथे बुंदी खात होता. गुरूने परवाच बांबू आणून पत्र्यामागे लपवलेले, झावळ्या खाडीकडच्या माडावरून काढलेल्या. उंबराची फांदी पहाटेच तोडून टेम्पोत आणलेली. नव्या घराच्या दारासमोर, रस्त्याकडच्या पायऱ्यांपाशी, त्याने चार खड्डे खणले, चार बांबू उभे केले, वर झावळ्या टाकल्या. सुंभाने आवळून बांधल्या. आंब्याच्या पानांचं तोरण लावलं. जरा लांब उभा राहून बघितला. पंढरीच्या महलापेक्षा लाख पटीने बरा होता, आणि यातलं काहीच सोनेरी कागदात गुंडाळलेलं नव्हतं.

आठ वाजता दगडाबाई आली. रिक्षातून उतरली, मांडव बघितला, खाली बसली नाही.

“यो मांडव इथं क्याला?”

“दारात नको का?”

“कनाच्या दारात?” ती बोलली. “यो दार तुजे आयशीनं बगितला तरी का?”

गुरूचा हात तोरणावरच राहिला.

खरंच. घर नव्वद साली बांधलं. जमीन विकली, त्या पैशांतून बाबूसने जुनं कौलारू घर पाडून स्लॅबचं घर उभं केलं. तोवर पुढून डांबरी रस्ता झालेला, म्हणून तोंड रस्त्याकडे फिरवलं. जुन्या घराचं तोंड खाडीकडे होतं. आईला त्याच दाराने बाहेर आणलेलं, आणि चार खांद्यांवर त्याच वाटेने नेलेलं. हे दार, ह्या मोझॅकच्या पायऱ्या, ही लोखंडी जाळी, जी गुरूने स्वतः वेल्डिंग केलेली, ह्यातलं काहीच तिला माहीत नव्हतं. ती आली असती तर रस्त्यावर उभी राहिली असती, परक्याच्या घरासमोर उभं राहतात तशी.

“मग?” त्याने विचारलं. आवाज चढला. “मग आता काय, सांग ना! मागे दारच नाय. मागे भिंत आहे. बाथरूमची खिडकी आहे!”

“वरडू नको माज्यावर. मी नाय पारला तुजा घर.” ती काठी टेकत मागच्या बाजूला निघालीच. गुरू तिच्यामागे. मागे पाण्याची टाकी, संडासाचा पाइप, वाळत टाकलेला एक विसरलेला टॉवेल, आणि पलीकडे खारफुटी. म्हातारी भिंतीलगत फिरली, इकडेतिकडे काठीने टोचलं, आणि टाकीखालच्या लांब काळ्या दगडापाशी थांबली. शकूचा कपडे धुवायचा दगड. दोन वर्षं गुरू त्यावर बसून अंघोळ करत होता.

“यो बग,” ती बोलली. “उंबरा.”

“हा धोंडा?”

“मालू लगीन होऊन आली ना, माप ह्याच्यावर ठेवलेलं. मीच गाईत होते. कोपरा फुटलाय बग, तो बैलगारीच्या चाकानं.”

कोपरा फुटलेला होता. त्यातल्या खाचेत शकू साबण ठेवायची.

साडेआठ झालेले. गुरू पुढे गेला, झावळ्या उतरवल्या, सुंभ कापला, बांबू उपसले, एकेक करून मागे नेले. मागची जमीन ओली होती, पण वरच्या थराखाली बांधकामाची रॅबिट, फुटक्या विटा-दगडांची भर; पहार ठणकन उडायची. एका खड्ड्यासाठी अर्धा तास गेला. मग दोन बांबू त्याने टाकीच्या पाइपाला तारेने आवळले, एक भिंतीतल्या खिळ्याला, चौथा जेमतेम गाडला. मांडव एका बाजूला कललेला होता. तोरण निम्मं फाटलेलं. उंबराची फांदी त्याने बाथरूमच्या खिडकीच्या गजाला बांधली, कारण दुसरं काही नव्हतं. शर्ट चिखलाने भरला. हा शर्ट शकूने लग्नासाठी घेतलेला.

“झाला,” तो बोलला. “चालेल का सांग, नाय चालेल तर मी आता भिंत फोडतो.”

“चालंल,” दगडाबाई बोलली आणि धोंड्यासमोर बसली. समई लावली, तांदळाचा चौक काढला. मूठभर तांदूळ त्याच्या हातात दिले. त्याला दगडावर उभं केलं.

मग ती गायला लागली. घोगरा, लांबट आवाज. कुठून सुरू होतो आणि कुठे दम घेतो ते कळत नाही असा. ऐकायला कोणी नव्हतं. टाकीवर एक कावळा होता, तोही उडाला. देव झाले, खाडी झाली, गावाची वेस झाली. मग मेलेले. पणजा दामाजी. गुरूने तांदूळ टाकले. “ये.” आजा नामा. “ये.” आजी आवडाबाई. “ये.” कधी न बघितलेल्यांना ये बोलायला काही लागत नाही. एकेका नावाला त्याची मूठ रिकामी होत होती, आणि त्याने शेवटचे दाणे बोटांनी घट्ट धरले.

“लेकीचा लगीन तुजे, लेक हलदीची जाली, मालूबाय, ये गो मांडवाला...”

ती थांबली. समईची वात हलली.

गुरूचं तोंड उघडलं. महिनाभर सगळ्यांवर ओरडलेला तो, बाबूसवर, शकूवर, पंढरीवर, ग्रिलवाल्यावर. आता एक अक्षर निघेना. नाव घेतल्यावर उठूच शकणार नाही असं शकू बोललेली, ते एकट्या तिच्याबद्दल नव्हतंच बहुतेक.

“मालूबाय, ये गो मांडवाला...” दगडाबाईने परत म्हटलं. हळू.

रस्त्यावर हॉर्न वाजला. गोविंदा. दहा. शकू आता महलात बसली असेल, मोडक्या हातावर हात ठेवून, दरवाजाकडे बघत. रतन नवा शर्ट घालून तयार असेल. गुरूला एकाएकी दिसलं की आपण काय करतोय. आईला बोलावतोय, चार वर्षांनी, आणि ती येईल तेव्हा घरात कोणी नसणार. लेक हॉलवर, नवरा हॉलवर, पोरगा टेम्पोत. दाराला कडी. पाहुणीला कोणी असं बोलावतं का?

हॉर्न परत वाजला, लांब. “अरे ए गुऱ्या! पेटी काढलीस का?”

म्हातारीने तिसऱ्यांदा हाक मारली. याच्यानंतर मारत नाहीत, हे त्याला कोणी न सांगता कळलं.

त्याने मूठ उघडली. ओल्या दगडावर तांदूळ पडले, साबणाच्या खाचेत दोन-चार.

“ये,” गुरू बोलला. झावळ्या सळसळल्या, खाडीवरचा वारा होता. “ये, बस. माठात पाणी भरून ठेवलंय. शकूला संध्याकाळी घेऊन येतो, पाया पडायला. मी थांबलो असतो गं, पण कान पिळायचाय... आई, मला आता निघायला पाहिजे.”